तेल, हळद आणि पाच मिनिटं

गालिचा धुऊन झाला, पाणी ओढून घेतलं, पंखे लावले, की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, ते कोटिंगही करून टाकता का? म्हणजे परत डागच पडणार नाही." डागच पडू न देणारं द्रव्य मी आजवर पाहिलेलं नाही. चांगलं प्रोटेक्शन सांडलेला पदार्थ काही मिनिटं तंतूंच्या वर धरून ठेवतं, एवढंच त्याचं काम. तेवढ्यात कुणी उठून कोरडं सुती फडकं दाबलं, तर गालिचा वाचतो. कुणी उठलं नाही, तर तोच पदार्थ सावकाश खाली उतरतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात जातात. म्हणून कोटेशनमध्ये प्रोटेक्शनची ओळ घालण्याआधी मी गालिच्याइतकंच घराकडे बघते.

या ओळीचा आमच्या धंद्यात मोठा मोह असतो. खरा घाम जातो तो धुण्यात. सोफे सरकवायचे, व्हॅक्यूमने कोरडी धूळ काढायची, प्री-स्प्रे मारून ब्रश फिरवायचा, गरम पाणी सोडून ते मशीनने ओढून घ्यायचं, तंतूंत साबण राहिला नाही ना ते पाहायचं. दिवाणखान्यातल्या मोठ्या गालिच्याला अर्धा दिवस सहज जातो. प्रोटेक्शन म्हणजे त्यानंतरची पंपाची फवारणी: मटेरियल थोडं, वेळ थोडा, आणि नफा मात्र सगळ्यांत जास्त. त्यामुळे नवीन मुलांना सगळ्यांत आधी तेच विकायला शिकवतात. विकायची रीतही ठरून गेलेली आहे. कापडाच्या तुकड्यावर पाणी टाकायचं, गोल उभे राहिलेले थेंब दाखवायचे आणि ‘नॅनो’ म्हणायचं. गिऱ्हाईक बघत राहतं.

त्या प्रयोगात खोटं काही नसतं. पण आपल्या घरात गालिच्यावर नुसतं पाणी सांडलं, तर घाबरायचं कारणच काय? अळूच्या पानावर पाण्याचा थेंब घरंगळतो. त्याच पानावर गोडेतेलाचा थेंब टाकून पाहा, तो पसरतो. सिलिकोनची प्रोटेक्शन्स साधारण तशीच वागतात. पाण्याचा पृष्ठताण मोठा असल्यामुळे ते स्वतःला आवळून धरतं. खाद्यतेलाचा पृष्ठताण त्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे त्याला पसरायला फारसं निमित्त लागत नाही. तेलाला वर थोपवायचं असेल, तर तंतूंवरच्या थराची ओढ त्याहूनही खूप कमी असावी लागते, आणि आजवर ते फ्लोरीनच्या संयुगांनाच नीट साधलं आहे. माझ्या पिशवीत वेगवेगळी प्रोटेक्शन्स मारलेले गालिच्याचे तुकडे असतात आणि दोन ड्रॉपर असतात, एकात पाणी, एकात शेंगदाण्याचं तेल. एजन्सीचा माणूस नवीन डबा घेऊन आला, की मी पहिल्यांदा तेलाची बाटली काढते.

कारण आपल्याकडचा डाग म्हणजे मुख्यतः तेलात उतरलेली हळद. वरणावरची फोडणी, मिसळीचा कट, पावभाजी, लोणच्याचा खार. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि तेल त्याला तंतूंत घेऊन जातं. लोकर काय, नायलॉन काय, दोन्ही ते धरून बसतात. त्यात कुणी घाईघाईने धुण्याची पावडर किंवा सोडा चोळला, तर अल्कलीमुळे पिवळा डाग तांबूस होतो. मग मला फोन येतो तो डागाचा नसतो, घाबरलेल्या माणसाचा असतो. परदेशातल्या प्रोटेक्शनचा बराचसा विचार वाइन आणि रंगीत सरबतांभोवती झाला. नायलॉनच्या तंतूंत रंग धरून ठेवणाऱ्या जागा असतात. सरबतातला तांबडा रंग नेमका तिथे जाऊन बसतो. १९८६मध्ये ड्युपाँटने ‘स्टेनमास्टर’ कार्पेट आणलं, त्यातली एक मोठी युक्ती म्हणजे या जागा आधीच भरून टाकायच्या. हळदीपुढे ती युक्ती लंगडी पडते, कारण हळदीला त्या जागांची गरजच लागत नाही. अमेरिकेतले क्लीनरसुद्धा मस्टर्ड सॉसच्या डागाला वचकून असतात, आणि त्या सॉसचा पिवळा रंगही हळदीचाच असतो.

तंतू ओळखल्याशिवाय मी पंपाला हात लावत नाही. भदोहीकडून आलेला लोकरीचा गालिचा असेल, तर लोकरीच्या तंतूचं वरचं आवरण मुळातच पाणी दूर ठेवणारं असतं. सांडलेला चहा थोडा वेळ तसाच वर थांबतो. तिथे पाण्यासाठी म्हणून वेगळं काही विकायला जाणं मला पटत नाही. हिंजवडी-बाणेरच्या ऑफिसांत कार्पेट टाइल्स असतात, त्यांतल्या बऱ्याच नायलॉनच्या आणि सूत ओढतानाच आत रंग मिसळलेल्या. त्यांच्यावर सरबताचा रंग सहसा चढत नाही. स्वस्त पॉलिप्रॉपिलीन रंग अजिबात धरत नाही, पण तेलाशी त्याचं फार सख्य; तळव्यांचं तेल पिऊन ते काळपट होतं. आणि सध्या जिकडे तिकडे ‘बांबू सिल्क’ म्हणून विकले जाणारे व्हिस्कोसचे चमकदार रग! साधं पाणी लागलं तरी त्यांची लव मोडते, वाळताना पिवळेपणा वर येतो. अशा रगवर पाण्यातलं प्रोटेक्शन मारणं म्हणजे ज्या संकटापासून वाचवायचं, तेच आपल्या हाताने घडवणं. तिथे मी सरळ नाही म्हणते. गिऱ्हाईक नाराज होतं, मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावतं. होऊ दे.

आता घर. दिवसभर कुणीतरी वावरत असलेलं घर मला कळायला वेळ लागत नाही. नातवंडाच्या हातातला पेला कलण्याआधीच आजींचं लक्ष गेलेलं असतं, स्वयंपाकघरात फडकं कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा घरात प्रोटेक्शन पैसे वसूल करून देतं, कारण त्याने मिळवून दिलेला वेळ वापरणारं माणूस तिथे असतं. उलट, शुक्रवारी संध्याकाळी केक कापून सगळे निघून गेलेलं ऑफिस. तिथला डाग सोमवारी सकाळी सापडतो. तंतूंवर जगातलं सगळ्यांत महागडं द्रव्य असलं तरी ते अडीच दिवस चॉकलेट धरून ठेवणार नाही. अशा ठिकाणी मी फॅसिलिटी मॅनेजरना सांगते, की प्रोटेक्शनच्या पैशांत हाउसकीपिंगच्या मुलांची एक संध्याकाळची फेरी वाढवा आणि लिफ्टच्या दाराशी चांगलं लांब पायपुसणं टाका. काहींना पटतं.

पायपुसण्याचं मी फार मनापासून सांगते. गालिच्यातली बहुतांश घाण कोरडीच असते, आणि तिच्यातले बारीक खडे चालता चालता तंतू कापत राहतात. चांगल्या प्रोटेक्शनचा मोठा आणि कमी बोलला जाणारा गुण हाच, की ही कोरडी घाण तंतूला घट्ट चिकटत नाही, व्हॅक्यूमने सुटून येते. जिथे बूट घालून चालतात, तिथे हा गुण फार मोलाचा. आपल्या घरात चपला दारातच राहतात, त्यामुळे खडे कमी आणि तळव्यांचं, केसांचं तेल जास्त. सोफ्याच्या डोकं टेकायच्या जागी रोज थोडं थोडं खोबरेल उतरतं. तिथे सांडण्याचा क्षणच नसतो, की टिपून घ्यावं. रोज झिरपणाऱ्या तेलापुढे काही मिनिटांची उसंत काय कामाची? तिथे धुता येईल असं सुती कापड घाला, असं मी सांगते, आणि ते कापड माझ्याकडे विकायला नसतं.

इथवरचा हिशेब मी धंद्यात शिकले. यापुढचा हिशेब मला वाचून समजून घ्यावा लागला, आणि त्याने माझं काम जास्त बदललं. १९५३मध्ये थ्री-एमच्या प्रयोगशाळेत पॅट्सी शर्मन विमानांच्या इंधन-नळ्यांसाठी लागणाऱ्या रबरावर काम करत होत्या. एका सहायकाच्या हातून फ्लोरीनयुक्त लेटेक्स कॅनव्हासच्या बुटावर सांडलं. ते धुऊन निघेना, आणि सांडलेल्या जागी नंतर घाणही बसेना. शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ यांनी त्यावर पुढे काम केलं, आणि १९५६पासून ‘स्कॉचगार्ड’ विकायला आलं. एका सांडण्यातून एवढं शोधून काढणाऱ्या त्या बाईंबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण कार्बन आणि फ्लोरीनचा जो बंध तेलाला दाद देत नाही, तो माती, पाणी, जिवाणू, कुणालाच दाद देत नाही. त्या संयुगांपैकी पीएफओएस जगभरच्या माणसांच्या रक्तात सापडलं, आणि मे २०००मध्ये थ्री-एमने ते बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. २००९मध्ये ते, सहजी न मोडणाऱ्या प्रदूषकांना आवर घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. त्याचं भावंड पीएफओए २०१९मध्ये त्याच यादीत आलं, आणि २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेत कार्पेटच्या धंद्याचं माहेर म्हणजे जॉर्जियातलं डाल्टन. तिथल्या गिरण्यांच्या सांडपाण्यातून ही रसायनं कोनासागा नदीत गेली. मेन राज्याने २०२३पासून आणि मिनेसोटाने २०२५पासून जाणूनबुजून ही रसायनं घातलेली कार्पेट्स आणि कापडावरची प्रोटेक्शन्स विकायला बंदी केली.

हे सगळं दूरदेशीचं म्हणून मी बाजूला ठेवलं असतं, पण माझं माहेर चिपळूणजवळ आहे. इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनो इथे मितेनी नावाचा कारखाना याच कुळातली रसायनं बनवायचा. तिथलं पाणी इतकं बिघडलं, की खटला उभा राहिला; जून २०२५मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावल्या. कारखाना २०१८मध्ये दिवाळखोरीत गेला होता, आणि त्याची यंत्रं लिलावातून विकली जाऊन आली ती खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत. लोट्याच्या सांडपाण्याने दाभोळच्या खाडीतली मासळी मरते, ही मच्छीमारांची तक्रार मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पुण्यातल्या एका दिवाणखान्यात पाच मिनिटं मिळावीत म्हणून मी जे फवारते, ते पिढ्यान्‌पिढ्या न मोडणारं काही असेल, तर ते कुणाच्या पाण्यात उतरणार आहे, हे मला आता डोळ्यांआड करता येत नाही.

आणि अडचण अशी, की फ्लोरीन नसलेली जी प्रोटेक्शन्स मी वापरून पाहिली, ती पाणी, चहा, सरबत बऱ्यापैकी थोपवतात, पण तेलापुढे लवकर हार मानतात. म्हणजे जिथे मिसळ सांडते, त्याच देशात ती सगळ्यांत कमी उपयोगाची. हे गिऱ्हाइकापासून लपवून त्याच दराने तीच फवारणी विकत राहणं सोपं आहे, कारण पाण्याचा थेंब दोन्हींवर तितकाच गोल उभा राहतो.

मी आता एजन्सीकडे डब्यासोबत सेफ्टी डेटा शीट मागते, आणि यात फ्लोरीनचं संयुग आहे की नाही हे लेखी मागते. ‘इको’, ‘नॅनो’, ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ ही उत्तरं चालत नाहीत. जे लिहून देत नाहीत, त्यांचा माल घेत नाही. रांगतं मूल असलेल्या घरात मी फ्लोरीनचं काहीही मारत नाही, गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी. फ्लोरीन नसलेलं विकते तेव्हा दोन्ही ड्रॉपर काढते आणि तेलाचा थेंब कसा पसरतो तेही दाखवते. एका बाईंनी ते पाहून विचारलं, "मग हे घेऊन उपयोग काय?" मी म्हटलं, "चहाला उपयोग आहे. वरणाला नाही." त्यांनी घेतलं नाही, आणि त्यांच्या घरापुरता तो निर्णय बरोबरच होता.

वरणासाठी मी वेगळी सोय केली आहे. बिलाच्या मागे छापून देते: सांडलेलं आधी चमच्याने कडेकडून मध्ये उचला, कोरडं सुती फडकं दाबून धरा, चोळू नका, तेलावर कॉर्नफ्लोअर टाकून अर्धा तास ठेवा आणि मग व्हॅक्यूम करा, सोडा, ब्लीच, भांड्यांचा साबण लावू नका, गालिचा दारात नेता येत असेल तर पिवळेपणाला दोन-तीन दिवस ऊन दाखवा, कर्क्युमिन उन्हात तुटतं. त्याखाली माझा नंबर असतो, आणि धुलाईच्या गिऱ्हाइकाने डाग पडला त्याच दिवशी फोन केला, तर एका डागाचे पैसे मी घेत नाही. गणपतीत आणि दिवाळीत हे फोन रात्री जेवणं झाल्यावर येतात. तेव्हा आमची एक गाडी दहापर्यंत मोकळी ठेवलेली असते.