पडद्यावरचा कळफलक

संगणकावर मराठी लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती कळफलकाची. कळांवर बहुधा रोमन अक्षरे छापलेली असतात. मराठीतील क कोठे दडला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. यावर उपाय म्हणून कळफलकाचे चित्रच पडद्यावर उमटवितात. बाण हव्या त्या अक्षरावर नेऊन टिचकी दिली, की ते अक्षर लिहिण्याच्या पानावर उतरते. ज्याचा हात थरथरतो, त्याच्यासाठी टिचकीचीही गरज ठेवीत नाहीत. बाण कळेवर क्षणभर स्थिर राहिला, की पुरे. तो क्षण केवढा असावा, हे मात्र ज्याच्या त्याच्या हातावरून ठरवावे लागते.

कळांची मांडणी नव्याने शोधावी लागत नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी ठरविली. तीत स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि ज्या कळेवर क, तिच्यावरच ख. खरी मेहनत पुढेच आहे. पडद्यावरच्या कळेवर टिचकी दिली, की संगणक त्या चित्रालाच लिहिण्याची जागा समजून बसतो आणि अक्षर हरवते! म्हणून कळफलकाने स्वतः मागे राहून अक्षर पानाकडे पोहोचवावे, अशी तजवीज करावी लागते.

मग परीक्षा. कल्याणहून कर्जतकडे जाताना लागणाऱ्या तीन गावांची नावेच त्यासाठी घ्यावीत. बदलापूर लिहिताना दीर्घ ऊकार प च्या पायाशी बसतो का, अंबरनाथचा अनुस्वार अ च्याच माथ्यावर राहतो का, हे पाहावे. उल्हासनगर अधिक अवघड. ल, हलन्त, ह अशा तीन कळा दाबल्यावर 'ल्ह' एकजीव झाला नाही, तर कळफलक नापास!

उल्हासनगरात आणखी एक कसोटी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली हे नगर उभे राहिले. सिंधी भाषा देवनागरीतही लिहितात. पण तिला ॻ, ॼ, ॾ, ॿ ही चार अक्षरे अधिक लागतात. त्यांचा उच्चार श्वास आत ओढून करतात. 'युनिकोड' या जागतिक वर्णसूचीत ती २००६ साली आली. सिंधीत मुलाला 'ॿारु' म्हणतात. ॿ ची कळच नसेल, तर सिंधी घरातील मुलाने हा शब्द लिहावा कसा? जवळच्या ब वर त्याने भागवावे, असे म्हणणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नव्हे.

मराठीचीही अशीच एक नाजूक जागा आहे. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या मात्र डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दाला ऱ ची वेगळी कळ लागते, आणि कळफलक बांधणारे नेमकी तीच विसरतात. परीक्षा घेणारा लिहू जातो, 'पावसाळ्यात बदलापूरजवळच्या दऱ्या धुक्याने भरतात', आणि पडद्यावर बदलापूरशेजारी दर्या येऊन उभा राहतो! तो समुद्र माघारी धाडण्यासाठी कळफलक पुन्हा उघडून बसावे लागते.