पैष्टी आणि आंबील

भाद्रपदांत गौरींकरितां आमचे धाकटे चिरंजीव अमेरिकेहून मुलुंडास आले, ते कोजागिरीपर्यंत राहण्याच्या तयारीनेंच. कोजागिरीस आमच्या गच्चीवर सर्व भावंडें जमतात. यंदां दुधाबरोबर आपल्या हातची तांबूस ‘एल’, म्हणजे एक प्रकारची बीर, सर्वांस द्यावी असा बेत त्यांनीं येतांच सांगितला. तिकडे १९७८ सालीं कायदा बदलला आणि गृहस्थास घरापुरती बीर करण्याची मोकळीक मिळाली. आमचे चिरंजीव मित्रमंडळींत त्या कामीं नामांकित आहेत म्हणे!

कृति ऐकण्यास आमची हरकत नव्हती. जवास मोड आणून ते वाळवावयाचे. त्यांतले थोडे विशेष रीतीनें भाजले म्हणजे तांबूस रंग व खरपूस गोडी येते. भरडलेले दाणे सुमारें ६६ अंश उष्ण पाण्यांत तासभर ठेविले असतां पिष्टाची साखर होते. गाळलेला रस हॉप नांवाच्या वेलीच्या कडसर फुलांसह तासभर उकळावा, निववावा व किण्व घालून पंधरा दिवस १८ ते २० अंशांवर स्वस्थ ठेवावा. मग बाटल्यांत किंचित् साखर घालून आणखी पंधरा दिवस. भाद्रपदांतल्या मुलुंडांत अठरा अंश कोठून आणणार, असें आम्हीं विचारलें. जुन्या शीतकपाटांतून, हें उत्तर तयारच होतें.

आमचा नकार शास्त्राधारें येणार अशी त्यांची अटकळ होती. मनूनें सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगून ब्राह्मणास तिन्ही वर्ज्य केल्या आहेत, आणि ही एल उघडच पैष्टी. परंतु आम्हीं संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलें. सोयीचें तेवढें वचन पुढें करून बाकीचें झांकणें आम्हांस जमत नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यांत मेदकाचें प्रमाण एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असें दिलें आहे. (आढक चार प्रस्थांचा, तेव्हां तांदळापेक्षां किण्वच अधिक!) इतकेंच नव्हे, तर कुटुंबवत्सल गृहस्थांस मंगलकार्यांत श्वेतसुरा घरीं करण्याची परवानगी आहे, आणि उत्सव-यात्रांत चार दिवसांची सवलत निराळी. तें प्रकरण आम्हींच त्यांच्यापुढें उघडून ठेविलें.

नकाराचें कारण दुसरें होतें. १९४९ सालचा मुंबईचा दारूबंदी कायदा नांव बदलून महाराष्ट्रांत अद्याप चालू आहे, व परवान्यावांचून मद्य करणें हा त्यान्वयें गुन्हा आहे. “अप्पा, ह्या कायद्यानें कोणाची दारू सुटली?” असें चिरंजीवांनीं विचारलें. प्रश्न खोटा नव्हे. २०१५ च्या जूनमध्यें मालाडच्या मालवणींत विषारी दारूनें शंभरांवर माणसें दगावलीं, तीं ह्याच कायद्याच्या अमलांत. आणि तीं गरीब वस्तींतलीं होतीं. कायदा त्या वस्तीस कडक आणि आमच्या गच्चीस ढिला, ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं, एवढेंच आम्हीं सांगितलें.

ते गप्प झाले, पण दुखावले. “बारा वर्षें परक्यांना माझ्या हातचें देतों, घरच्यांना मात्र नाहीं,” असें आईजवळ म्हणाल्याचें मागाहून कळलें, आणि तें आम्हांस लागलें.

गौरींच्या नैवेद्यास आमच्याकडे आंबील असते. ज्वारीचें पीठ ताकांत कालवून रात्रभर आंबवावयाचें व सकाळीं उकळत्या पाण्यांत शिजवावयाचें. त्या सकाळीं चिरंजीवांनीं पातेल्यावरचें झांकण काढून वास घेतला व बराच वेळ तेथेंच उभे राहिले. पुढें आश्विनांत त्यांनीं आईकडून नाचणी मागून घेतली. भिजविली, फडक्यांत बांधून मोड आणले, उन्हांत वाळवून दळून आणली. जवाच्या मोडांत पिष्टाची साखर करणारें जें द्रव्य असतें तें नाचणीच्या मोडांतही असतें. म्हणून अशा पिठाची आंबील खळीसारखी घट्ट न होतां पिण्याजोगी राहते व किंचित् गोड लागते. मद्याच्या वाटेस ती जात नाहीं, कारण ताकांतले जंतु साखरेचें आम्ल करितात.

कोजागिरीस दुधाआधीं ही आंबील पेल्यांतून फिरली. रंग खरोखरच तांबूस होता. थोरल्या मुलीनें दुसरा पेला मागितला. आमच्या घरांतून मात्र मीठ कमी पडल्याचा शेरा आला, आणि चिरंजीवांनीं तो आपल्या वहींत टिपून घेतला.