टिंब टिंब आणि निकालाची फाईल



आजचा धडा मुलांचा नाही, माझाच आहे.

शाळेतल्या एका जुन्या संगणकावर माझ्या भाच्याने लिनक्स टाकून दिलं होतं आणि सोबत एक छोटा प्रोग्रॅम. मुलं टॅबवर स्वाध्यायाच्या फाईलचं नाव टाकायची, फाईल उघडायची. त्याच आठवड्यात मी सातवीला फोल्डर शिकवले. दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. समजा, तुम्ही पुणे जिल्हा, मग जुन्नर, मग ओतूर असे आत आलात. दोन टिंबं दिली की जुन्नर, पुन्हा दिली की जिल्हा. तिथून आंबेगाव, मंचर असं खाली उतरायचं. झालं, ओतूरला बसून मंचरचं कपाट उघडलं!

दुसऱ्या दिवशी एका मुलीने फाईलच्या नावाच्या जागी दोन टिंबं, तिरकी रेघ आणि पुढे 'निकाल' असं टाकलं. "मॅडम, सगळ्यांचे आधार नंबर दिसत्यात." मी आधी तिच्यावरच ओरडले. खरं तर तिने मी शिकवलेलंच केलं होतं. ती फाईल तिथे ठेवणारी मी.

भाच्याला फोन केला, तर तो हसला. म्हणाला, मावशी, अपाचेवाल्यांचंही असंच झालंय. जगभर वेबसाइट चालवणारं हे सॉफ्टवेअर. त्याच्या २.४.४९ आवृत्तीत टिंब सांकेतिक रूपात लिहिलं की तपासणीला ते ओळखूच यायचं नाही. सर्व्हरवर बाहेरच्या फोल्डरना स्पष्ट मनाई लावलेली नसेल, तर तिथल्या फाईली वाचता यायच्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला दुरुस्ती आली. (ग्रामीण भागात पाचवीपासूनच्या शाळा कोरोनानंतर उघडल्या, तोच दिवस!) ती अपुरी निघाली, कारण तोच संकेत दुहेरी लिहिला की पुन्हा वाट मोकळी. ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली.

आमचा उपाय साधा होता. नुसती टिंबं गाळून भागत नाही. टिंबं उलगडून शेवटी पत्ता कुठे पोहोचतो ते बघायचं आणि तो स्वाध्यायाच्या फोल्डरबाहेर गेला तर नकार द्यायचा. निकालाची फाईल तर त्या संगणकावरून काढूनच टाकली.

पालक सभेत हे सांगताना घसा कोरडा पडला होता. एका आजोबांनी विचारलं, "बाई, मग त्या पोरीला शिक्षा केली का?" ती मागेच बसली होती. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा तिलाच तपासायला दिला. तिने तासभर खटपट केली, पण निकाल काही उघडला नाही.