सरपंचबाईंची सही

मी वेबसिरीज बघत नाही, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. कुणी नवीन सिरीजचं नाव काढलं की मी विषय बदलायचो. रात्र रात्र जागून एकापाठोपाठ एक भाग संपवणारी माणसं मला आळशी वाटायची, आणि तसं मी तोंडावर बोलूनही दाखवायचो.

या मताला माझ्याकडे कारणं होती. दूरदर्शनवर 1988 साली गोविंद निहलानींची ‘तमस’ आणि श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ लागली, तेव्हा मी तरुण होतो. आठवडाभर थांबायचं आणि पुढचा भाग बघायचा. पुढे रोजच्या मालिका आल्या. ‘चार दिवस सासूचे’ 2001 मध्ये सुरू झाली ती 2013 पर्यंत चालली. आमच्या घरात संध्याकाळी दुसरं काही लागायचंच नाही. ताकात पाणी वाढवत न्यावं तशी गोष्ट पातळ होत जाताना मी बघितली आणि मनाशी ठरवून टाकलं: गोष्ट लांबली की संपली. चांगली गोष्ट अडीच तासांत सांगून व्हायला हवी. त्यानंतर मोबाइलवरच्या सिरीज आल्या. 2018 मध्ये ‘सेक्रेड गेम्स’ आणि ‘मिर्झापूर’ची चर्चा सुरू झाली. शिव्या आणि बंदुका यापलीकडे त्यात काही नाही, हे मी एकही भाग न बघता ठरवलं.

आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नोकरीभर गावांतच राहिलो. पडद्यावर गाव आलं की ते एक तर हसण्यासाठी येतं किंवा कीव करण्यासाठी, हा माझा अनुभव. आपण ज्यात जन्म घालवला त्याची कुणी टिंगल करावी आणि ती आपण पैसे भरून बघावी, हे मला सोसलं नसतं. ती भीती होती. तिला मी तत्त्वाचं नाव दिलं होतं.

आमच्या सूनबाईंनी ‘पंचायत’ लावली तेव्हा तिचे दोन सीझन येऊन गेले होते. “आण्णा, तुमच्याच खात्याची गोष्ट आहे, एक भाग तरी बघा,” एवढंच त्या म्हणाल्या. मी पेपर हातात घेऊन बसलो, म्हणजे बघत नाही असं म्हणता यावं.

अभिषेक त्रिपाठी नावाचा शहरी पोरगा उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या फुलेरा गावात सचिव म्हणून रुजू होतो. त्यांचा सचिव म्हणजे आमचा ग्रामसेवक. पहिल्याच दिवशी पंचायतीच्या कुलपाची किल्ली सापडत नाही. हातात सामान घेऊन तो पोरगा बंद दारापुढे उभा. मी पेपर खाली ठेवला. पहिल्या नेमणुकीच्या गावी मीही असाच उभा राहिलो होतो. शिपाई शेतावर, दप्तर आधीच्या ग्रामसेवकाच्या घरी, आणि बसायला जागा म्हणजे मारुतीचा पार.

बलिया म्हणजे आपला मुलूख नव्हे. भाषा वेगळी, जातींची गणितं वेगळी, शेती वेगळी. चित्रीकरण तर मध्य प्रदेशात, सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावी झालेलं. तरीही कारभार तोच. सौर दिव्याचा खांब कुणाच्या दारात बसवायचा यावरून बसलेली सभा मी हुबेहूब अनुभवली आहे. चाकाच्या खुर्चीचा एक भाग आहे. सचिव स्वतःसाठी चांगली खुर्ची आणतो आणि ती डोळ्यांत खुपायला लागते. खुर्ची कुणाची आणि तिच्यावर बसतं कोण, हे गावात किती नाजूक असतं ते लिहिणाऱ्याला नक्की ठाऊक असणार. चंदन कुमार हे लेखक, दीपक कुमार मिश्रा दिग्दर्शक. रघुवीर यादव, नीना गुप्ता, जितेंद्र कुमार, फैजल मलिक, चंदन रॉय यांच्यापैकी कुणीही गावाला हसत नाही. गावातली माणसं हसतात आणि आपण त्यांच्याबरोबर हसतो. माझी भीती तिसऱ्या भागापर्यंत गेली होती. अर्ध्या-पाऊण तासाचे आठ भाग, पहिला सीझन एका दिवसात सहज संपतो. संध्याकाळी दिवा लावायची आठवण सूनबाईंनी केली, तेव्हा मी सातव्या भागावर होतो.

आठव्या भागाबद्दल मात्र मला थांबून सांगायचं आहे.

फुलेऱ्याच्या प्रधान आहेत मंजूदेवी. जागा महिलेसाठी राखीव, म्हणून निवडून आल्या त्या. कारभार बघतो त्यांचा नवरा, ब्रिजभूषण दुबे. सारं गाव त्यालाच प्रधानजी म्हणतं. सात भाग मीही त्याला प्रधानजीच समजत होतो. मंजूदेवी घरात दिसायच्या, मुलीच्या लग्नाची काळजी करायच्या, कुणी आलं की चहाचं बघायच्या. मला त्यात काहीही खटकलं नाही. मग 26 जानेवारी येते आणि झेंडा प्रधानाने फडकवायचा, म्हणजे मंजूदेवींनी, असा प्रश्न उभा राहतो. त्यांना राष्ट्रगीत पाठ नाही. पाठ करायचा खटाटोप होतो, त्या वैतागतात, नको म्हणतात. शेवटी अधिकारी समोर, गाव समोर, आणि मंजूदेवी डोक्यावरचा पदर सावरत झेंड्याखाली उभ्या राहतात. अडखळत, चाचरत, पण स्वतःच्या आवाजात राष्ट्रगीत म्हणतात. नीना गुप्ता यांनी तो आवाज असा लावला आहे की त्यात भीतीही ऐकू येते आणि भीतीच्या पुढे टाकलेलं पाऊलही.

घरातले सगळे हसत, टाळ्या वाजवत होते. मला बसवेना. मी उठून अंगणात गेलो.

माझ्या नोकरीत एका गावी सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं होतं. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली तेव्हा एक तृतीयांश जागा महिलांना मिळाल्या, आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव केल्या. परिपत्रकं माझ्याच टेबलावर यायची. कायदा मला तोंडपाठ होता. आणि मासिक सभेत सरपंचाच्या खुर्चीत बाईंचे मालक बसायचे. मी त्यांच्यापुढे दप्तर ठेवायचो. ठराव त्यांना विचारून लिहायचो, सूचक-अनुमोदकाची नावं घालायचो आणि प्रोसिडिंग बुक शिपायाच्या हाती बाईंच्या घरी पाठवायचो. सही होऊन यायची. कागदावर सभेचं अध्यक्षस्थान सरपंचबाईंचं. तसं मी लिहिलं आहे, माझ्या अक्षरात, महिन्यामागून महिने. झेंडाही मालकच फडकवायचे. बाई बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या असायच्या.

कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो की गावची रीत आहे, मी एकटा काय करणार. ते खरं नाही. सभेची नोटीस माझ्या सहीने निघायची. बाई समोर नसतील तर सभा भरली असं लिहिणार नाही, एवढं म्हणण्याचा अधिकार मला होता. मी तो वापरला नाही, कारण मालकांशी बोलणं सोपं होतं. काम लवकर उरकायचं. पुढे मी ते विसरूनही गेलो. स्वतःला मी बरा कर्मचारी समजत आलो. पैसे खाल्ले नाहीत, दप्तर चोख ठेवलं. त्या चोख दप्तरातच मी एका बाईला नाहीशी केली होती.

सिरीज बघितल्यानंतर त्या गावाच्या परिसरातल्या एका लग्नात त्या बाई भेटल्या. थकल्या होत्या, पण मला त्यांनीच आधी ओळखलं. जेवणं झाल्यावर मंडपाच्या कडेला बसलो तेव्हा मी विषय काढला. नीट शब्द सापडेनात. तुमची सही घरून मागवायचो ते चुकलं, एवढं कसंबसं म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “समदं वाचूनच सही करायची मी, भाऊसाहेब. सातवी झाल्ये माझी.” आणि थोड्या वेळाने, “वस्तीचा नळ तुम्ही रस्त्याच्या कोपऱ्यावर घेतला व्हता. त्यो आत घ्याया पायजे व्हता. बायका हंडे घेऊन चढ चढायच्या.”

त्यांनी ठराव वाचला होता. नळाची जागा चुकीची आहे हे त्यांना कळलं होतं, कारण ते पाणी भरणाऱ्या बाईलाच कळतं. सभेत त्या असत्या आणि मी “सरपंच, तुमचं मत?” असं विचारलं असतं, तर तो नळ आत गेला असता. मी काय बोलणार? त्यांनीच मग माझ्या नातवंडांची चौकशी केली.

एवढी वर्षं ज्याला मी फालतू म्हणत होतो त्या गोष्टीने मला हे दाखवलं. मी विचार करत राहिलो की सिनेमाने हे का दाखवलं नाही. बायांच्या हक्कांवरचे सिनेमे मी बघितले आहेत आणि त्यातल्या खलनायकावर मनसोक्त चिडलोही आहे. अडीच तासांत चूक कुणाची ते पटकन सांगावं लागतं, आणि ती आपली नाही हे मला लगेच कळायचं. इथे सात भाग मला कुणी काही सांगितलंच नाही. ब्रिजभूषण चांगला माणूस आहे, मला आवडत होता. मंजूदेवी मागे राहतात हे मला दिसत होतं आणि चालत होतं. ते चालून जायला वेळ लागतो, आणि तो वेळ या लांबीने दिला. दुसऱ्या सीझनमध्ये उपप्रधान प्रल्हादचंही तसंच होतं. इतके भाग तो बाजूला बसून हसणारा, सगळ्यांच्या मदतीला धावणारा माणूस. शेवटच्या भागात त्याच्या सैनिक मुलाचं शव गावात येतं. फैजल मलिक यांनी त्यात जो बाप उभा केला आहे तो मला विसरता येत नाही, कारण तोवर मी त्या माणसाच्या शेजारी बसून चहा प्यायलो होतो. गोव्यात 2023 च्या इफ्फी चित्रपट महोत्सवात वेबसिरीजसाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला गेला, तो याच सीझनला मिळाला.

त्यानंतर मी पुष्कळ बघितलं. ‘गुल्लक’ बघितली, मध्यमवर्गीय मिश्रा कुटुंबाच्या साध्या गोष्टी, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघण्यासारख्या. पुतण्याच्या आग्रहावरून ‘चेर्नोबिल’ बघितली. पाचच भाग, पण मी ती सलग बघू शकलो नाही. 26 एप्रिल 1986 ला अणुभट्टी फुटते. हाताशी असलेल्या उपकरणाचा काटा 3.6 रॉन्टजेनच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि तोच आकडा खरा म्हणून वरवर कळवला जातो. ज्याने तालुक्याला “निरंक” असे अहवाल पाठवले आहेत त्याला हा प्रसंग बघताना घाम फुटतो. सरकारी नोकरी केलेल्या प्रत्येकाने ती बघावी.

‘पंचायत’चं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. 2024 चा तिसरा आणि 2025 चा चौथा सीझन आमदार आणि निवडणूक यांतच अडकला. पंचायतीचं रोजचं काम मागे पडलं आणि मला ती ओढ राहिली नाही. तिथे माझं जुनं मत थोडंसं खरं ठरतं, गोष्ट लांबवली की विरते. पण पहिला सीझन पूर्ण आहे. 2025 मध्ये केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने ही सिरीज करणाऱ्या टीव्हीएफबरोबर ‘असली प्रधान कौन?’ हा लघुपट काढला, नीना गुप्ता यांनाच घेऊन. सरपंचपतींच्या प्रश्नावर मंत्रालयाने समिती नेमून अहवालही घेतला आहे. म्हणजे माझ्या दप्तरात जे घडलं ते देशभर घडत होतं. त्याने माझा वाटा कमी होत नाही.

आज ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या माझ्या भावा-बहिणींना एक विनंती आहे. पहिला सीझन सुट्टीच्या दिवशी सलग बघा. आठवा भाग मात्र ग्रामपंचायतीच्या सभागृहात लावा, सरपंचबाईंना आणि सदस्य महिलांना बोलावून. आणि पुढच्या मासिक सभेत प्रोसिडिंग बुक कुणाच्या घरी पाठवू नका. बाई येईपर्यंत थांबा.