निधान, निधान! आनेकलच्या घोड्यांनी शिकवलेली सबुरी

कुणी फार घाई करू लागलं की माझी आजी विचारायची, "काय गं, घोड्यावर बसून आलीस का?" घोडा म्हणजे घाई, हे समीकरण माझ्या डोक्यात तिथूनच पक्कं झालं होतं. ते चुकीचं असल्याचं कळलं आनेकलला गेल्यावर.

आम्ही पुण्याहून बंगळुरूला आलो तेव्हा माझी मुलगी तेरा वर्षांची होती. नवी शाळा, नवं घर, कानावर सतत कन्नड. पुण्यात अखंड बडबड करणारी ही पोरगी इथे आल्यावर गप्प झाली. "शाळेत काय झालं?" विचारलं की उत्तर एकच, "काही नाही." मी आणखी खोदून विचारायची, ती खोलीचं दार लावून घ्यायची. तिला लहानपणापासून घोड्यांचं वेड, म्हणून शेजारणीने आनेकलजवळच्या एका छोट्या अश्वशाळेचं नाव सुचवलं. दर रविवारी सकाळी आम्ही दोघी निघू लागलो.

होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकली आणि चंदापूरला उजवीकडे वळलं की शहराचा जोर हळूहळू ओसरतो. नव्या इमारतींच्या मधूनमधून नाचणीची शेतं दिसू लागतात. बंगळुरूपासून साधारण 35 किलोमीटरवरचं आनेकल हे रेशमाच्या विणकामासाठी ओळखलं जाणारं जुनं गाव. पश्चिमेला बन्नेरघट्टाचं जंगल पसरलेलं. सकाळच्या हवेत थंडावा असतो.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. एक तांबूस घोडी शांत उभी होती. मी लाडाने थेट तिच्या समोर गेले आणि कपाळावरून हात फिरवायला पुढे केला. तिने झटक्यात मान वर केली आणि दोन पावलं मागे सरकली. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार अण्णा लगबगीने आले. "निधान अम्मा, निधान," म्हणाले. मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. कन्नडमध्ये त्याचा अर्थ हळू, सावकाश.

मग त्यांनी समजावलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. त्यामुळे समोरून अचानक आलेला हात त्याला घाबरवतो, आणि मागून गेलं तर लाथ बसू शकते. आधी आवाज द्यायचा, मग खांद्याच्या बाजूने सावकाश जायचं. कान आपल्याकडे वळले तर त्याचं लक्ष आहे, मागे चिकटवले तर तो चिडलाय, लांब राहायचं.

पहिले तीन रविवार रपेट नाहीच! खरारा करायचा, खुरात अडकलेली माती काढायची, पाणी भरायचं. एक घोडा दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी सहज पितो, त्यामुळे बादल्या संपतच नव्हत्या. मी मनातल्या मनात पैशांचा हिशेब करत होते. मुलगी मात्र मजेत खरारा करत होती, घोडीशी मराठीत गप्पा मारत होती. घरात न बोलणारी!

चौथ्या रविवारी ती खोगिरावर बसली. घोडी दुडक्या चालीने निघाली आणि मुलगी घाबरली. भीतीने तिने लगाम घट्ट ओढला आणि तोल सावरायला टाचा पोटात रुतवल्या. घोडी गोंधळून मान झटकू लागली, मग थांबलीच. लगाम ओढणं म्हणजे थांब, टाच मारणं म्हणजे चल. दोन्ही एकदम केलं तर तिने करायचं काय? अंगावर माशी बसली तरी घोड्याला जाणवते, मग बसणाऱ्याच्या हातापायांतला ताण कसा कळणार नाही? अण्णांनी मुलीला फक्त लांब श्वास सोडायला सांगितलं. तिचे खांदे उतरले, हात सैल झाले. घोडी आपणहून चालू लागली.

कुंपणाशी उभी राहून मी ते पाहत होते आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी तरी वेगळं काय करत होते? "मोकळेपणाने सांग ना," असं म्हणायचं आणि तिने तोंड उघडलं की लगेच, "अगं, मग तू असं करायचं होतंस!" टाचही माझीच आणि लगामही माझाच.

परतताना मी गाडी चालवत होते, ती शेजारी बसली होती. मी काहीच विचारलं नाही. चंदापूरच्या अलीकडे ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, मी डबा एकटीच खाते. सगळ्या कन्नडमध्ये बोलतात, मला काही कळत नाही." माझ्या जिभेवर चार सल्ले तयार होते. मी ते गिळले, एक लांब श्वास सोडला. "हं," इतकंच म्हटलं. मग घर येईपर्यंत ती बोलत राहिली. तोंडासमोर उभं राहून विचारलेलं तिला नको होतं, खांद्याला खांदा लावून बसलेलं चालत होतं.

तिचे प्रश्न एका रविवारात सुटले नाहीत. पण ती अण्णांकडून कन्नड शब्द शिकू लागली. 'कुदुरे' म्हणजे घोडा, 'नीरु' म्हणजे पाणी. पुढे त्याच शब्दांच्या आधारे शाळेतल्या एका मुलीशी तिची गट्टी जमली.

तुम्हीही मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. लांब पँट आणि टाचेचे बंद बूट हवेत, हेल्मेटशिवाय घोड्यावर बसू देऊ नका. गाजर किंवा गूळ विचारल्याशिवाय भरवू नका. भरवायचाच तर तळहात सपाट ठेवा. पावसाळा असेल तर येताना पाच किलोमीटरवरच्या मुत्याल मडुवूचा धबधबा पाहून या. आणि पहिल्याच दिवशी दौडीचा हट्ट धरू नका.

आमच्या घरी आता कुणाचा आवाज चढू लागला की मुलगीच म्हणते, "आई, निधान!" अर्थ कन्नडमधला घ्या नाहीतर मराठीतला, मला दोन्ही पटतात.