इंजिनाचा दट्ट्या

डिझेल इंजिनाचा दट्ट्या बिघडला म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नवा दट्ट्या घाला आणि चालूं करा. दुसरा म्हणतो, सगळें इंजिन उतरवून नव्यानें बांधा. तिसराही एक पक्ष असतो. तो इंजिन भंगारांत घालून नवें आणावयास सांगतो. परंतु पैसे त्याच्या खिशांतून जावयाचे नसतात! गेल्या माघांत आमच्या घरीं हे तिन्ही पक्ष हजर होते.

ओढ्यापलीकडील आमच्या शेतापर्यंत विजेचे खांब अद्याप पोंचलेले नाहींत. तेथें पांच अश्वशक्तीचें, एका नळकांड्याचें इंजिन विहिरीचें पाणी उपसतें. गव्हाचा दाणा चिकांत होता. अशा वेळीं पाणी चुकलें तर काय होतें, हें शेतकरी वाचकांस सांगावयास नको. नेमकें तेव्हांच इंजिन करकरलें आणि जागच्या जागीं अडकून बसलें. घरांत पैसे होते, परंतु ते ताईच्या नर्सिंगच्या शिक्षणाच्या फीसाठीं राखून ठेविलेले होते.

मिस्त्रीबाबांनीं हेड खोलून दट्ट्या बाहेर काढला. त्याच्या अंगावर खोल उभे ओरखडे पडले होते आणि दोन रिंगा आपापल्या खांचांत चिकटल्या होत्या. काका म्हणाले, "मिस्त्री, सांजेपर्यंत नवा बसवा." मिस्त्रीबाबा म्हणाले, "बसवितों कीं, दादा. पण आधीं नळकांडें काय म्हणतें तें पाहूं द्या." त्यांनीं आंतून बोट फिरविलें, नख जागोजाग अडकलें. मग मापक घेऊन वर, मध्यें व खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं उभें-आडवें, अशीं सहा मापें घेतलीं.

रुडॉल्फ डीझेल यांचें इंजिन १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें यशस्वी झालें. त्याचें मर्म आजही तेंच आहे: हवा इतकी दाबावयाची कीं, तिच्या उष्णतेनें तेल आपोआप पेटावें. दाबण्याचें काम दट्ट्याचें, पण कोंडून धरण्यास नळकांडें धड पाहिजे. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या आमच्या इंजिनांत दट्ट्या सेकंदास २५ वेळां वर जातो आणि तितक्याच वेळां खालीं येतो. वरची रिंग जेथें माघारी फिरते तेथें उष्णता फार व वंगण थोडें. म्हणून झीज तेथें अधिक. शिवाय दट्ट्या एका बाजूस रेटला जातो आणि गोल भोंक लंबगोल होत जातें. त्यांत नव्या रिंगा घातल्या तरी हवा निसटावयाची आणि वंगण जळावयाचें. काकांचा पक्ष येथें हरला.

दुसऱ्या पक्षाचा निकाल क्रँकनें लावला. तिची पिन मापांत निघाली, कनेक्टिंग रॉड सरळ होता आणि बीड कोठें तडकलें नव्हतें. तसें नसतें तर सगळें इंजिन बांधणेंच शहाणपणाचें झालें असतें. ठरलें तें असें: नळकांड्याची आंतली नळी, दट्ट्या, रिंगा व बेअरिंगें नवीं घ्यावीं, बाकी सर्व ठेवावें.

तरी मिस्त्रीबाबांचें समाधान होईना. दट्ट्या अडकला कां? उत्तर पाण्याच्या वाटेंत सांपडलें. आमच्या विहिरीचें पाणी जड. त्याच्या क्षारांचा पांढरा थर साचून वाट बोटभरही उरली नव्हती. थंडावा न मिळतां दट्ट्या तापला. अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतें, म्हणून तो आंतल्या आंत आवळला गेला. तो थर खरवडण्यास पैसा लागला नाहीं, एक दिवस मात्र लागला. हा थर तसाच राहता तर नवा दट्ट्याही त्याच वाटेनें गेला असता, आणि दोष दुकानदाराच्या माथीं बसला असता.

सामान येईपर्यंत चार दिवस गेले. एक रात्र शेजाऱ्यांनीं आपलें इंजिन दिलें. आमचें चालूं झाल्यावर पहिले कांहीं तास त्यावर थोडाच भार ठेविला आणि वंगण लौकरच बदललें. काढलेल्या वंगणांत धातूचा बारीक चुरा चकाकत होता. ताईची फी दोन हप्त्यांनीं भरण्याची सवलत मिळाली. ओढ्याकडील तीन वाफ्यांतला गहूं मात्र बारीकच निघाला. तो आम्हीं घरीं खाण्यास ठेविला.