गोदेच्या खोऱ्यातील मुरमाच्या वाटा

नाशिकहून त्र्यंबकेश्वर अवघे अठ्ठावीस किलोमीटर. बहुतेक यात्रेकरू हे अंतर मोटारीने तासाभरात कापतात, रांगेत उभे राहून दर्शन घेतात आणि त्याच रस्त्याने परततात. श्रावणी सोमवारी किंवा सुट्टीच्या दिवशी या रस्त्यावर वाहनांची एवढी दाटी होते की शेजारून वाहणारी गोदावरी कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र त्याच खोऱ्यात दुसऱ्याही वाटा आहेत. शेताच्या बांधालगतच्या पाणंदी, पाटाच्या कडेचे मुरमाचे रस्ते, पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा. त्यांवर भोंगा ऐकू येत नाही. जाड टायरची सायकल आणि थोडा धीर असला, तर या वाटांवरून एका जुन्या संस्कृतीचे दर्शन घडते.

ब्रह्मगिरी हा या प्रदेशाचा मानदंड. सुमारे तेराशे मीटर उंचीच्या या डोंगरावर उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे वळते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. याच डोंगररांगेच्या पश्चिम अंगाला वैतरणा जन्म घेते व अरबी समुद्राकडे जाते. तिच्या पाण्यावर मुंबईची तहान भागते. एकाच रांगेवर पडलेला पाऊस दोन समुद्रांत विभागला जातो. गंगाद्वार, कुशावर्त, पुढे गावाबाहेर बेझे येथील चक्रतीर्थ अशी गोदेच्या बाल्यावस्थेची स्थाने येथे पाहावयास मिळतात. बेझ्यापासून खाली उतरत जाणारे खोरे गंगापूर धरणाच्या जलाशयापाशी विसावते. हे मातीचे धरण नाशिक शहराची पाण्याची गरज भागवते.

सायकलस्वारांना प्रिय असलेला टापू तो हाच. त्र्यंबक, बेझे, जलाशयाचा काठ, गिरणाऱ्याकडील शिवार आणि अलीकडे गंगापूर गाव. या टप्प्यात काही ठिकाणी गावचा अरुंद डांबरी रस्ता लागतो, काही ठिकाणी लाल मुरूम, तर काही ठिकाणी केवळ बैलगाडीच्या चाकोऱ्या. मार्गदर्शक पाट्या नाहीत. वाट विचारावी लागते, आणि विचारल्यावर वाटेबरोबर पाणीही मिळते. पश्चिमेकडे भात, नागली, वरई. पूर्वेकडे सरकताच भाजीपाला आणि द्राक्षबागा. पिकांचा हा बदल मोटारीच्या काचेतून दिसत नाही, तो सायकलच्या वेगातच कळतो.

या वाटा जुन्या व्यापाराशी बांधलेल्या आहेत, ही गोष्ट व्यापारी घराण्यांना विशेष जिव्हाळ्याची वाटावी. त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरी हे आज लहानसे गाव आहे. परंतु एके काळी ते भरभराटीचे नगर होते. येथे सापडलेले आठव्या शतकाच्या आरंभीचे राजा भोगशक्तीचे ताम्रपट प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी एकात उजाड झालेले नगर पुन्हा वसविताना तेथील व्यापाऱ्यांना जकात माफ केल्याचा आणि निपुत्रिकाची मालमत्ता राजाने जप्त करू नये, असा उल्लेख आहे. बाजार वसवायचा तर व्यापाऱ्याला अभय द्यावे लागते, हे त्या राजाने तेराशे वर्षांपूर्वी जाणले होते.

अंजनेरीच्या पायथ्याशी जैन व हिंदू मंदिरांचे भग्न अवशेष विखुरलेले आहेत. त्यांतील एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यातील, शिलालेख आहे. यादव घराण्यातील सेऊणदेवाने आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिरास तीन दुकाने दान दिल्याची नोंद त्यात आहे. त्याला जोडून वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्याने, लाहड व दशरथ या दोघांसह, आणखी एक दुकान व एक घर अर्पण केले. दानाचे हे स्वरूप लक्षणीय आहे. रोख रक्कम खर्चून संपते. दुकानाचे भाडे मात्र वर्षानुवर्षे येत राहते आणि मंदिराचा दिवा तेवत राहतो. ज्याला आज आपण अक्षय निधी म्हणतो, त्याचा हिशेब त्या व्यापाऱ्यांनी दगडावर लिहून ठेवला. डोंगरावर चढताना वाटेत कातळात कोरलेले जैन लेणेही लागते. गावात सायकल ठेवून पायीच वर जावे लागते आणि ते योग्यच आहे. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, आणि या डोंगराचेच नाव धारण करणारी कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जात येथे फुलते.

रस्त्यालगतच नाणेशास्त्राच्या अभ्यासाला वाहिलेली, १९८० साली स्थापन झालेली संशोधन संस्था आहे. तिच्या संग्रहालयातील नाणी पाहिली म्हणजे घाटाखालच्या बंदरांतून वर आलेला माल, तो वाहणारे बैलांचे तांडे आणि त्याचे मोल चुकते करणारे हात हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते.

नाशिककरांचे सायकलवेड सर्वश्रुत आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आरपार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरपर्यंत सायकल वारीही निघते. म्हणजे सायकलस्वारांची वाण नाही. वाण आहे ती निर्धोक वाटेची. युरोपात डॅन्यूब नदीकाठी पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत सुमारे ३०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. पूर्वी घोडे ज्या काठाने नावा ओढीत चालत, त्या निरुपयोगी झालेल्या वाटा तेथील लोकांनी सायकलींसाठी राखल्या. त्यासाठी नवी जमीन फारशी घ्यावी लागली नाही. जुनी वाट बुजू दिली नाही, एवढेच.

गोदेच्या खोऱ्यात नेमका हाच प्रश्न आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी मोठ्या रस्त्यांची कामे निघाली आहेत, आणि यात्रेकरूंच्या सोयीसाठी ती आवश्यकही आहेत. परंतु मोठा रस्ता रुंद होत असताना लहान वाटा निमूटपणे नाहीशा होतात. शेतजमिनीचे भूखंड पडतात, शेतघरांना तारेची कुंपणे लागतात आणि नकाशावर दिसणारी पाणंद एखाद्या फाटकाशी येऊन थांबते. त्यात सायकलस्वाराची हौस बुडते हे दुःख लहान आहे. नागलीचे पोते डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या पाड्यावरच्या बाईला वळसा पडतो, हे मोठे. अनवाणी विहार करणाऱ्या साधु-साध्वींनाही मग महामार्गाच्या कडेवाचून दुसरी वाट उरत नाही.

यावर कायद्यात उपाय आहे. शेतीकडे जाणारी वहिवाटीची वाट अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. बांधावरून नवी वाट हवी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आखली. या भागात जमीन घेणाऱ्या शहरी कुटुंबांनी खरेदीखतापूर्वी गावनकाशा पाहावा आणि कुंपण घालताना वहिवाटीची वाट सोडावी. दोन-चार गुंठे कमी भरतील. पण गावाचा दुवा मिळेल.

सहकुटुंब जाऊ इच्छिणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. पावसाळ्यात मुरूम चिकट होतो, ओढे अचानक चढतात. पहाटे निघावे, पाणी, पंक्चरचे साहित्य व घरचा डबा बरोबर ठेवावा, कारण आडवाटेला उपाहारगृह सापडेलच असे नाही. पाड्यातून जाताना वेग कमी करावा, कोंबड्या व मुले यांना वाट द्यावी, पिकातून सायकल घालू नये. बेझ्याला चक्रतीर्थाशी विसावा घेऊन जलाशयाच्या काठाने परतीची वाट धरली, तर सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून भोजन उरकता येते. मुलांना आवर्जून अंजनेरीच्या त्या मंदिराशी न्यावे आणि शिलालेखातील दुकानांची गोष्ट सांगावी. दान देणाऱ्याचा वाडा आज तेथे कोठेच दिसत नाही. दान मात्र वाचता येते.